उशी ओली, टाळू खोल

लखनौहून सीतापूरच्या रस्त्याला लागलं की बख्शी का तालाब येतं. तिथे हवाई दलाचा तळ आहे, आणि माझे जावई तिथे नोकरीला. जावई म्हणजे भाचीचे यजमान. जानेवारीतल्या धुक्यात मी त्यांच्याकडे गेले होते. रात्री सहा वर्षांचा नातू रजईत मान मागे टाकून, आ वासून झोपलेला. उशी लाळेनं ओली. घोरता घोरता मध्येच सगळं थांबे, आणि मग तो दचकून मोठा श्वास घेई.

"मावशी, दमलाय गं, गाढ झोपलाय," भाची म्हणाली.

गाढ कसली! दोन श्वास चुकतील एवढा खंडसुद्धा मुलांच्या बाबतीत डॉक्टर मोजतात. अशी मुलं दिवसा पेंगतातच असं नाही; उलट चिडचिड करतात, वर्गात चुळबुळतात, काही पुन्हा अंथरूण ओलं करू लागतात.

मी दातांची डॉक्टर, म्हणून सकाळी त्याचं तोंड पाहिलं. वरचे दात पुढे, टाळू अरुंद नि खोल. नाकाच्या मागे अडेनॉइड नावाची गाठ असते. दोन ते आठ या वयात ती आणि टॉन्सिल जागेच्या मानानं मोठी असतात. नाक चोंदलं की तोंड उघडतं, जीभ खाली पडते. टाळूला आतून जिभेचा आधार उरत नाही, बाहेरून गाल दाबतच असतात. आणि टाळू म्हणजे नाकाचीच जमीन! ती अरुंद झाली की नाकही अरुंद. एगिल हारवोल्ड या संशोधकांनी अमेरिकेत माकडांची नाकं बंद करून पाहिली, तर त्यांचे जबडे नि दात बिघडले. प्रयोग क्रूरच म्हणायचा.

म्हणून काही प्रत्येक वाकडा दात नाकामुळे नसतो. आनुवंशिकता असते, अंगठा चोखणं असतं. टाळू रुंद करणारं यंत्र काही मुलांना उपयोगी पडतं, पण घोरण्यावर तोच इलाज म्हणून कुणी तार लावायला सांगत असेल, तर जरा थांबा. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे तारा लावणाऱ्या दंतवैद्यांच्या, संघटनेनंही 2019 साली सांगितलं की झोपेत श्वास अडण्याच्या विकाराचं निदान फिजिशियननंच करावं.

भाचीला मी एवढंच सांगितलं: आज रात्री मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण कर, आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. तुमचंही मूल आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरत असेल, तर तुम्हीही हेच करा. तारेचं नंतर बघू.