लॉट्सो बिचारा की बदमाश?

हेडफोन लावलेत ना? कारण आज भांडणाचा विषय आहे.

मागच्या रविवारी मी आणि माझा रूममेट 'टॉय स्टोरी ३' बघत बसलो होतो. सिनेमा २०१० चा, दोघांनीही शाळेत असताना पाहिलेला. सिनेमा संपला आणि वाद सुरू झाला, तो रात्री एकपर्यंत. मुद्दा एकच. लॉट्सो, म्हणजे ते स्ट्रॉबेरीचा वास येणारं गुलाबी अस्वल, व्हिलनच्या नेमक्या कुठल्या खान्यात टाकायचं?

खाने तुम्हाला माहीत आहेतच. पहिला, 'बिचारा' व्हिलन: दुःखाने बिघडलेला. दुसरा, 'निव्वळ नालायक': ज्याच्यात चांगलं काही सापडतच नाही. तिसरा, 'शेवटी उघडा पडणारा': आधी गोड गोड, मग धक्का. 'फ्रोझन'मधला हान्स आठवा.

मी म्हणालो, लॉट्सो बिचारा. डेझी नावाची मुलगी त्याला सहलीत विसरून जाते. हा पठ्ठ्या मजल दरमजल करत परत येतो, खिडकीतून बघतो, तर तिच्या कुशीत दुसरा लॉट्सो! कोणाचं डोकं फिरणार नाही?

रूममेट म्हणाला, "थांब. त्या दिवशी सहलीत तो एकटाच हरवला होता का?"

आणि इथे माझी विकेट पडली. कारण त्याच्यासोबत आणखी दोघं होते: बिग बेबी आणि चकल्स नावाचा विदूषक. तिघांनाही डेझी विसरली. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर इनपुट सेम, आउटपुट तीन वेगळे. चकल्स उदास झाला, पण त्याने कोणाला छळलं नाही. बिग बेबी लॉट्सोचा पहारेकरी झाला. आणि लॉट्सोने सनीसाइड पाळणाघराचा तुरुंग केला. नवीन खेळणी आली की सरळ लहान पोरांच्या खोलीत, मोडतोड व्हायला.

मी लगेच म्हटलं, इनपुट सेम कुठे? बदली खेळणं फक्त लॉट्सोचंच आणलं होतं. बरोबर आहे ना? पण मग त्याने पुढे काय केलं बघा. त्याने बाकी दोघांना सांगितलं की डेझीने आपल्या सगळ्यांच्याच जागी दुसरी खेळणी आणली. हे खोटं होतं. बिग बेबीची जागा कोणीच घेतली नव्हती, त्याला घरी जायचं होतं. स्वतःची जखम त्याने दुसऱ्याच्या अंगावर उमटवली. माझ्या मते तो व्हिलन झाला तो तिथे, खिडकीपाशी नाही.

आता याच्या शेजारी १९९२ चा मिस्टर फ्रीझ ठेवा. 'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सीरिज'मधला 'हार्ट ऑफ आइस' हा भाग. पॉल डिनीने लिहिलेला. त्याआधी कॉमिक्समध्ये फ्रीझ म्हणजे बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा एक किरकोळ चोर. डिनीने त्याला आजारी बायको दिली, नोरा, आणि तिला वाचवायचा प्रयोग बंद पाडणारा मालक दिला. फ्रीझचा राग खऱ्या गुन्हेगारावर आहे. पण वाटेत येणाऱ्या निरपराधांची त्याला पर्वा नाही. म्हणून शेवटी बॅटमॅन त्याला पकडतो आणि त्या मालकालाही उघडं पाडतो. दुःख खरं, गुन्हाही खरा. लिहिणाऱ्याने एकाने दुसरं खोडलं नाही.

मग माझ्या लक्षात आलं की आपले खाने मुळातच गडबडलेत. 'बिचारा' हे भूतकाळाबद्दल आहे. 'नालायक' हे त्याच्या निवडीबद्दल. आणि 'शेवटी उघडा पडणारा' हे तर पात्राबद्दल नाहीच, लेखकाने माहिती कधी दिली त्याबद्दल आहे. लॉट्सो तिन्हींत बसतो. फोल्डर नकोत, टॅग हवेत. एका फोटोला चार टॅग लावतो ना, तसे.

आणि सगळ्यात महत्त्वाचा टॅग कुठला? संधी मिळाल्यावर काय केलं. कचरा डेपोतला तो सीन. वुडी आणि बझ लॉट्सोचा जीव वाचवतात. पुढे भट्टी. वर बंद करायचं बटण, आणि त्यापर्यंत पोचलेला एकटा लॉट्सो. एक बटण! तो बघतो आणि निघून जातो. तिथे डेझी नव्हती. तिथे फक्त तो होता.

खरं सांगू? मी लॉट्सोची एवढी वकिली का करत होतो, हे रूममेटला माझ्याआधी कळलं. मी नोकरीला नवीन असताना एक सिनिअर सगळ्यांसमोर माझ्या कोडची लक्तरं काढायचा. आणि गेल्या महिन्यात एका नवीन पोराने साधी शंका विचारली, तेव्हा मी ग्रुपवर अगदी तसंच उत्तर दिलं. वर घरी येऊन म्हणालो, "आम्हीपण असंच शिकलो." रूममेट रविवारी एवढंच म्हणाला, "डेझीने आपल्या सगळ्यांनाच टाकलं, काय?"

गप्प बसलो. सोमवारी त्या पोराला चहाला नेलं, सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "जाऊ दे दादा." पण अजून तो ग्रुपवर काही विचारत नाही.

तर मंडळी, पुढचा खटला स्कारचा. १९९४ च्या 'लायन किंग'मध्ये त्याला भूतकाळच नव्हता, २०२४ च्या 'मुफासा'ने तो दिला. त्याने तुमचं मत बदललं का? व्हॉइस नोट पाठवा. एका मिनिटाच्या आत हं! भेटूया.