दारू, खर्रा आणि आपला जिल्हा





पंचशीलातील पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. हे या सभागृहात कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. तरीही आपल्या वस्त्यांत दारू आहे. म्हणून आज मी घराच्या हिशेबाबद्दल बोलणार आहे.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पडते. पहाटे उठून बायका-मुले ते वेचतात, वाळवतात, खातात, विकून तेल-मीठ आणतात. मोह हे गरिबाचे झाड आहे. त्याला दोष देऊ नये. पण त्याच फुलांचा सडवा घालून भट्टी लावली की घरातले अन्न घराबाहेर जाते. पुढे मे महिन्यात तेंदूपत्त्याची मजुरी हाती येते, दिवाळीच्या पुढेमागे धानाचे पैसे येतात. गुत्त्यावर गर्दी होते ती याच दिवसांत. मग रोवणीच्या वेळी खतासाठी आणि मुलीच्या फीसाठी सावकाराचे दार.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली आला. देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात, असे त्यात आढळले. प्रमाण सर्वाधिक असलेल्या राज्यांत आपल्या देवरीला लागून असलेले छत्तीसगड आहे. मला मात्र त्यातला दुसरा आकडा जास्त बोचतो. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतो. बाकीच्यांना आपण शिव्या देतो, नाहीतर शपथ घालतो. शपथेने सुटते, पण कुणाची? रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, झटकेही येतात. जीवही जाऊ शकतो. लोक म्हणतात, बाहेरचे लागले. ते बाहेरचे नसते. अशा माणसाला तातडीने सरकारी दवाखान्यात न्यावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमची सुरुवात बहुधा दारूने होत नाही. पानठेल्यावरच्या खर्ऱ्याने होते. 2012 मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला खर्रा शाळेच्या वाटेवर आजही मिळतो. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ होत जाते. तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, तर डॉक्टरला दाखवा. गांजा आणि गोळ्यांची वाट बऱ्याचदा याच ठेल्यावरच्या संगतीतून फुटते.

भगिनींना एक कायद्याची गोष्ट सांगतो. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरला 2015 मध्ये आलेली बंदी 2021 मध्ये उठली. जिल्ह्याची बंदी सरकारच्या हाती. गावातल्या परवानाधारक दुकानाचे मात्र तसे नाही. 2008 च्या शासन आदेशाप्रमाणे महिला मतदारांपैकी 25 टक्के जणींनी मागणी केली तर मतदान घेता येते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होते. लक्षात घ्या, हजर असलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण नावांपैकी. कामाला परगावी गेलेली बाई आली नाही, तर तिचे मत दुकानाच्या पदरात पडते. म्हणून तेंदूच्या हंगामात मतदान मागू नका.

आणि ज्यांच्या घरी आज रात्रीच प्रश्न आहे त्यांनी 14446 हा क्रमांक लिहून घ्यावा. व्यसनमुक्तीसाठीचा हा सरकारी क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत, आणि फोन पिणाऱ्यानेच केला पाहिजे असेही नाही.