पोरगा म्हणतो, अजगर पाळायचा!

दुपारचं जेवण आटोपून, निंदणाला जायच्या आधी घटकाभर रेडिओजवळ बसलेल्या सगळ्या आयाबहिणींना आमचा रामराम. एरवी या वेळेला आम्ही तुमच्याशी गटाचं कर्ज, व्याजाचा हिशोब, पापड-कुरडयांची ऑर्डर यावर बोलतो. आजचा विषय निराळा आहे. मोठा साप घरात पाळावा का, आणि पाळायचाच म्हटला तर काय काय लागतं? हसू नका. हा प्रश्न आम्हाला एका गटातल्या काकूंनी खरोखर विचारला होता.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सोयाबीन फुलावर होतं. आम्ही तिघी जणी गटाच्या बैठकीसाठी एका गावात गेलो होतो. बैठक सुरू व्हायच्या आधीच काकू आल्या आणि म्हणाल्या, "ताई, माह्या पोरानं नाल्यावरून अजगराचं पिल्लू आणलं. पाळतो म्हणते. तुम्ही शिकलेल्या बाया, तुम्हीच समजावा त्याले."

आम्ही घरी गेलो. अंगणात पाण्याचा जुना ड्रम, त्यावर जाळी, जाळीवर वीट. पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा, आयटीआयला जाणारा, गुणी. मोबाईलवर त्यानं आम्हाला व्हिडिओ दाखवले. परदेशातली माणसं गळ्यात भला मोठा अजगर घालून सोफ्यावर बसलेली. तो म्हणाला, "ताई, याले विष नसते. मी याले उंदीर आणून खाऊ घालीन. मोठा झाला की खोली करून देईन."

आम्ही त्याच्यावर रागावलो नाही. सापाला पाहताच काठी उचलणारी पोरं आम्ही खूप पाहिली. हा निदान जीव लावत होता. पण सापाला काय खाऊ घालायचं, कुठं ठेवायचं, हे आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं? म्हणून ग्रामपंचायतीच्या फलकावरचा सर्पमित्राचा नंबर लावला. तो येईपर्यंत आम्हीपण जाळी सरकवून डोकावून पाहिलं. काकूंची चार वर्षांची नात तर सकाळपासून ड्रमपाशीच खेळत होती.

सर्पमित्र आला. बॅटरीचा उजेड ड्रममध्ये टाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "सगळे मागं व्हा. लेकराला उचला. हे अजगर नाही, घोणस आहे."

मैत्रिणींनो, अंगणात कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. पोरानं ते पिल्लू खताच्या पिशवीत घालून आणलं होतं आणि सकाळी फोटोसाठी हातावरसुद्धा घेतलं होतं. नशीब की ते चावलं नाही. काकू मटकन खाली बसल्या. आणि जाळी सरकवणाऱ्या आम्ही, आमचेपण पाय लटपटत होते. शिकलेल्या बाया म्हणून बोलावलं होतं आम्हाला!

ही चूक एकट्या त्या पोराची नाही. घोणस, जिला आपल्याकडे कुणी परड म्हणतात, आणि अजगराचं पिल्लू, दोन्ही जाड, तपकिरी आणि अंगावर ठिपके असलेले. घोणसीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. अजगराच्या अंगावरचे डाग मात्र वेडेवाकडे, एकमेकांसारखे नसलेले. चिडली की घोणस कुकरच्या शिटीसारखा मोठ्ठा फुसकारा टाकते. ती अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते, एका वेळी वीस-तीससुद्धा. पिल्लू जन्मापासूनच विषारी असतं. म्हणून पावसाळ्यात शेतात, धुऱ्यावर अशी पिल्लं दिसतात. पण ही ओळख जवळ जाऊन पटवून बघण्यासाठी सांगत नाही बरं. लांबूनच ओळखू येत नसेल, तर तो साप विषारी समजायचा.

आता समजा, तो खरोखरच अजगर असता, तर? तरीही तो पाळता आला नसता. आपल्याकडचे साप वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली येतात. ते पकडणं, घरात ठेवणं, विकणं, मारणं, सगळं गुन्हा आहे. अजगर तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रांगेत बसलेला. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्याच्या गुन्ह्यात तीन ते सात वर्षं तुरुंगवास आणि कमीत कमी 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. हौसेपायी आयटीआयचं पोरगं कोर्टाच्या फेऱ्यांत अडकलं असतं. हौसेचा व्हिडिओ हाच मग पुरावा होतो, हे आपल्या लेकरांना सांगा.

पुढच्या बैठकीला तो पोरगा स्वतः आला. त्याचा एक प्रश्न बाकी होता. "मग परदेशात लोक पाळतात ते कसं?" प्रश्न रास्त होता. आम्ही माहिती काढून ठेवली होती. गटात शेळी घ्यायची तरी आपण चारा, गोठा, औषध, विमा असा हिशोब मांडतो. तसाच सापाचा हिशोब फळ्यावर मांडला.

पहिली गोष्ट, कागद. परदेशी जातीचा अजगरसुद्धा आपल्याकडे कागदाशिवाय ठेवता येत नाही. 2024 च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. बाजारात कुणी पिशवीतून काढून "घे, स्वस्तात देतो" म्हटलं, तर तो सौदा चोरीचाच समजा.

दुसरी गोष्ट, घर. सापाचं रक्त आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते. म्हणून पाळणारे लोक पेटीच्या एका टोकाला 32 अंशांच्या आसपास ऊब ठेवतात आणि दुसरं टोक थंड, म्हणजे साप स्वतःच जागा निवडतो. त्यासाठी दिवसरात्र वीज, तापमान धरून ठेवणारं यंत्र, लपायला जागा, बुडून बसता येईल एवढं पाणी आणि कुलूप लागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत माणूस टिकत नाही आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. बंद पेटीतला साप उठून सावलीलाही जाऊ शकत नाही.

तिसरी गोष्ट, खाणं. साप दूध पीत नाही, भाकर खात नाही. त्याला अख्खा प्राणी लागतो. पाळणारे लोक मेलेले, गोठवलेले उंदीर फ्रीजमध्ये साठवतात आणि कोमट करून देतात. काकू लगेच म्हणाल्या, "माह्या फ्रीजात उंदीर? बाई बाई बाई!" आणि सगळी बैठक हसली.

चौथी गोष्ट, वर्षं. पाळलेला अजगर वीस-पंचवीस वर्षंही जगतो. आपला भारतीय अजगर तीन मीटरपर्यंत सहज वाढतो. एवढ्या मोठ्या सापाला एकट्या माणसानं हाताळू नये, असं अनुभवी लोकही सांगतात, कारण विष नसलं तरी त्याचा विळखाच जीव घेऊ शकतो. पोरगा उद्या कामाला पुण्याला गेला, त्याचं लग्न झालं, तर सापाचं कोण करणार? मायच ना!

आणि कंटाळा आला म्हणून सोडून दिला, तर? अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात पाळलेले ब्रह्मदेशी अजगर सुटले, काही सोडून दिले गेले. एव्हरग्लेड्स नावाच्या तिथल्या दलदलीच्या रानात ते इतके माजले, की तिथले ससे, रॅकूनसारखे प्राणी जवळजवळ दिसेनासे झाले. आता सरकार पैसे देऊन ते अजगर पकडून घेतं. हौस एकाची आणि भुर्दंड सगळ्या रानाला.

हिशोब पुरा झाल्यावर पोरगाच म्हणाला, "नाही परवडत, ताई."

पण आम्हाला त्याला एवढ्यावरच सोडायचं नव्हतं. जीव लावणारं पोरगं आहे, त्याला वाट दाखवायला हवी. आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण बघा. मेहकरच्या वनिता जगदेव बोराडे. हजारो साप त्यांनी माणसांच्या वस्तीतून सोडवले, हा आकडा पन्नास हजारांच्या वर सांगितला जातो. 8 मार्च 2022 ला दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना 2020 सालचा नारी शक्ती पुरस्कार मिळाला. एवढे साप हाताळले, पण पाळण्यासाठी नव्हे, रानात परत सोडण्यासाठी. सापावरचं प्रेम असंही असतं. आमचा पोरगा आता त्या सर्पमित्राबरोबर जातो. हात लावायला नाही, गर्दी मागं हटवायला आणि लोकांना समजावून सांगायला. शिक्षण आणि परवानगी झाल्याशिवाय सापाला हात लावायचा नाही, ही त्याची अट.

आणि बायांनो, साप पाळायचा तर तो असा पाळा, की त्याला शेताच्या धुऱ्यावर राहू द्या. धामण दिसली की आपण घाबरतो. लांबलचक, चपळ, नागासारखी वाटते. पण तिला विष नाही. आपल्या कणगीतले आणि शेतातले उंदीर ती फुकटात खाते. अजगराची मादी तर अंड्यांभोवती वेटोळं घालून जवळजवळ दोन महिने बसून राहते, अंग थरथरवून त्यांना ऊब देते. बाळंतिणीला कुणी हुसकावतं का? ज्ञानगंगा, अंबाबरवासारखी रानं आपल्या जिल्ह्यात आहेत. अजगराचं घर तिथं आहे.

दुतोंड्या, म्हणजे मांडूळ, घरात ठेवला की पैशाचा पाऊस पडतो, असं सांगणारा कुणी आला, तर त्याला दारातूनच वाटेला लावा. तो बिचारा निरुपद्रवी साप आहे. त्याच्या नावावर लोकांना लाखोंना फसवलं जातं आणि फसलेला माणूसच मांडूळ ठेवल्याच्या गुन्ह्यात अडकतो. पैसा बचतीतून वाढतो, सापातून नाही, हे गटातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

त्या बैठकीत आम्ही जो ठराव केला, तो तुम्हीही करा. गटाच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर चार गोष्टी लिहून ठेवा. वनविभागाचा मोफत नंबर 1926. रुग्णवाहिकेचा 108. जवळच्या सर्पमित्राचा नंबर. आणि सापाच्या विषावरची लस ज्या सरकारी दवाखान्यात हमखास मिळते, त्याचं नाव. हे शेवटचं आधीच विचारून ठेवा, वेळेवर धावाधाव नको.

घरात साप निघाला तर लेकरं-गुरं बाजूला करा, लांबून नजर ठेवा आणि फोन करा. सरपण, गोवऱ्या, कुटाराची गंजी घराच्या भिंतीला लावून रचू नका. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या. पऱ्हाटी उपटताना, सोयाबीनच्या पेंढ्या उचलताना आधी काठीनं हलवा. खाली झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, मण्यार रात्रीच फिरते.

आणि साप चावलाच, तर माणसाला चालवू नका. चावलेला हात-पाय हलू देऊ नका. बांगड्या, जोडवी काढा, कारण सूज येते. दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, रक्त चोखू नका. सरळ दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते, म्हणून साप मारून सोबत न्यायची गरज नाही. मंत्र घालणाऱ्याकडे नेण्यात वेळ घालवू नका. दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

काकूंच्या अंगणातला तो ड्रम आता पालथा घातला आहे आणि त्यावर त्या पापड वाळवतात. ते घोणसीचं पिल्लू वनविभागाच्या माणसांनी त्याच दिवशी रानात सोडलं. नात अजून विचारते, "आजी, माहा साप कुठं गेला?" काकू सांगतात, "त्याच्या माय‌कडे गेला, बाई."

बरं, आता निघतो आम्ही. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत तेवढं शेवटचं पान भरून घ्या. नमस्कार.