ऑनलाइन अर्ज, ब्राउझर आणि मराठी अक्षर

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली अंमलात आला आणि दाखला किंवा परवाना ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. या कायद्याखालील मुदत परिपूर्ण अर्ज कार्यालयास पोचल्यापासून मोजली जाते. अर्ज पोचलाच नाही तर मुदत सुरू होत नाही, आणि मुदत सुरू झाली नाही तर अपिलाचाही प्रश्न उद्भवत नाही. पूर्वी तालुक्याच्या कचेरीत खिडकीवरील लेखनिकाने अर्ज परत केला तर अर्जदारास निदान त्याचे कारण विचारता येत असे. आता ती खिडकी म्हणजे संगणकावरील किंवा फोनवरील ब्राउझर होय. तांबड्या अक्षरांत ‘चुकीची माहिती’ एवढे दोन शब्द दाखवून तो थांबला, तर त्या नकाराची नोंद सहसा कोणत्याही नोंदवहीत होत नाही. म्हणून ब्राउझर कसा बनतो, त्यात नव्या सोयी कशा येतात आणि संकेतस्थळ घडविणारा अभियंता कोणती साधने वापरतो, हे विषय केवळ तंत्रज्ञांचे राहिलेले नाहीत. अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनाही त्यांची तोंडओळख असणे अगत्याचे आहे.

एक पान, अनेक वाचक

टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली व १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला. पान एकाने लिहावे आणि ते कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही ब्राउझरमधून वाचता यावे, हा त्या कल्पनेचा गाभा होता. १९९३ साली सर्नने हे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले. तथापि, पुढील दहा-पंधरा वर्षांत नेमक्या याच तत्त्वाला वारंवार मुरड पडली. ‘हे पान अमुक ब्राउझरमध्येच पाहावे’ अशी सूचना पानाच्या तळाशी छापण्याची प्रथा पडली, आणि ती सरकारी संकेतस्थळांनीही उचलली. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ साली आली; सातवी येण्यास २००६ साल उजाडले. त्या पाच वर्षांत जे केवळ त्या ब्राउझरसाठी बांधले गेले, ते पुढे अनेक कार्यालयांच्या गळ्यात लोढणे होऊन राहिले. १५ जून २०२२ रोजी त्या ब्राउझरला निवृत्त करण्यात आले, तेव्हा ही बांधकामे नव्याने करण्यावाचून गत्यंतर उरले नव्हते.

आज ब्राउझरची नावे पुष्कळ असली तरी त्यांच्या पोटातील मुख्य इंजिने तीनच आहेत : क्रोम व एज यांचे ब्लिंक, सफारीचे वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. एखादी सोय एकाच इंजिनात आली, तर ती त्या कंपनीची सोय होय. तिन्हींत आली म्हणजेच ती वेबची सोय झाली, असे या क्षेत्रातील अनुभवी अभियंते मानतात. वरवर पाहता हे मत फार सावध, किंबहुना संथ वाटेल. मराठीचा या बाबतीतला अनुभव पाहिला म्हणजे त्याचे मोल कळते.

१९९७ साली नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या दोघांच्याही चौथ्या आवृत्त्या आल्या. पानाबरोबर फॉन्टही पाठविण्याची सोय दोघांनीही दिली. पण एकाची रीत दुसऱ्यास चालत नसे. मराठी मजकूर वेबवर आणण्यास उत्सुक असलेल्यांनी ती आनंदाने स्वीकारली. पानात प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत असत आणि फॉन्ट त्यांवर देवनागरीचा पेहराव चढवी. फॉन्ट पोचला नाही की वाचकासमोर निरर्थक रोमन अक्षरांची रास येई. २००० साली आलेल्या नेटस्केपच्या सहाव्या आवृत्तीत ती सोय उरली नाही. अशा पानांत मराठी शब्द शोधता येत नसे, कारण तेथे मराठी नव्हतेच. होते ते मराठीचे चित्र. आश्चर्य असे की, देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतंत्र क्रमांक देणारी युनिकोड प्रणाली १९९१ सालीच प्रसिद्ध झाली होती व तिची देवनागरीची मांडणी भारतीय ‘इस्की’ संकेतप्रणालीवरच बेतलेली होती. योग्य मार्ग हाताशी होता, पण संगणकांच्या कार्यप्रणालींत तो रुजेपर्यंत धीर धरला गेला नाही. त्या काळात जुन्या फॉन्टांत टंकलिखित केलेले मराठी आजही रूपांतराची वाट पाहत पडून आहे.

‘ज्ञानेश्वर’ची अक्षरे किती?

फॉन्टचा प्रश्न आता बव्हंशी मिटला आहे. अर्जाच्या रकान्यांचा प्रश्न मात्र मिटलेला नाही, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. पिनकोडच्या रकान्यात सहा अंकच असावेत, असा नियम अभियंता ब्राउझरला एका छोट्या खुणेने सांगतो. जावास्क्रिप्ट भाषेत अंकासाठी असलेल्या त्या प्रचलित खुणेचा अर्थ केवळ रोमन लिपीतले शून्य ते नऊ असा आहे. अर्जदाराने ४११०३० असा देवनागरीत पिनकोड लिहिला की ब्राउझर तो नाकारतो. शाळेत मुले जे अंक गिरवितात, ते अंकच नव्हेत असा हा निवाडा! कोणत्याही लिपीतील अंक ओळखणारी खूण त्या भाषेत २०१८ पासून उपलब्ध आहे; ती वापरून अंक स्वीकारावेत आणि पुढे यंत्रानेच त्यांचे रूपांतर करावे, हे काही ओळींचे काम आहे.

नावाच्या रकान्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. इंग्रजीखेरीज इतर लिप्यांनाही मुभा द्यावी या सद्हेतूने कित्येकदा ‘फक्त अक्षरे चालतील’ असा नियम घातला जातो. युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्ताची खूण ही अक्षरे नसून चिन्हे आहेत. त्यामुळे ‘मदन’ हे नाव या नियमातून सुटते आणि ‘शीला’ अडकते. नियमात चिन्हांचाही समावेश केला पाहिजे, हे ज्यास ठाऊक नाही त्याची चाचणी इंग्रजी नावांवर तर उत्तमच पार पडते.

लांबीचेही तसेच. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव मराठी माणसाच्या मोजणीने चार अक्षरांचे आहे. ब्राउझर रकान्याची मर्यादा मोजतो तेव्हा तेच दहा घटकांचे होते. कारण ‘ज्ञा’ या एका अक्षरात ज, हलन्त, ञ आणि काना असे चार घटक आहेत. माहितीचा साठा बाइटमध्ये मोजला जात असेल, तर याच नावाला तीस बाइट लागतात. स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव सलग लिहिले की तीस घटकांचा रकाना सहज भरतो व आडनाव अर्धे तुटते. तुटलेले नाव दाखल्यावर छापले गेले की दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज आलाच. माणसाप्रमाणे अक्षरे मोजणारे एक साधन ब्राउझरांत अलीकडे आले आहे. ते क्रोममध्ये २०२० साली, सफारीत २०२१ साली आणि फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४ मध्ये पोचले. जोडाक्षर हे एकच अक्षर मानावे, हा नियम युनिकोडच्या २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसाठी समाविष्ट झाला. त्यापूर्वी ‘स्त्री’ हे एक अक्षर यंत्राच्या लेखी तीन होते.

तारखेच्या रकान्याचा प्रवास तर वेबच्या संथ गतीचा उत्तम नमुना आहे. दिनांक निवडण्याची अंगभूत सोय ओपेरात २००६ साली आली, क्रोममध्ये २०१२ साली, फायरफॉक्समध्ये २०१७ साली आणि मॅक संगणकावरील सफारीत २०२१ साली. मधल्या काळात प्रत्येकाने आपापली दिनदर्शिका घडविली. त्यांतील कित्येकींत मागे जाण्याची तजवीज एकेका महिन्याचीच असे. म्हणजे १९६० साली जन्मलेल्या अर्जदाराने २०२० साली अर्ज भरताना सुमारे ७२० वेळा बोट टेकवावयाचे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनावर विसंबणाऱ्या दृष्टिहीन अर्जदारास अशा घरगुती दिनदर्शिका बहुधा उमगतच नसत. ब्रिटिश शासनाच्या संकेतस्थळांसाठी असलेल्या मार्गदर्शनात जन्मतारखेकरिता दिवस, महिना व वर्ष असे तीन साधे चौकोन देण्याची शिफारस आहे. जन्मतारीख माणसास पाठ असते. ती शोधण्यास दिनदर्शिका कशाला? सोय उपलब्ध झाली म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही, एवढे तारतम्य त्या शिफारशीत आहे.

अभियंत्याची हत्यारे

२००६ साली फायरफॉक्ससाठी ‘फायरबग’ नावाचे साधन आले आणि चालू पानाच्या अंतरंगात डोकावून दोष शोधणे सुलभ झाले. आज अशी साधने सर्व प्रमुख ब्राउझरांत अंगभूतच असतात. जाळ्याचा वेग मुद्दाम मंद करून पाहणे, यंत्राची गती चार किंवा सहा पटींनी घटवून पाहणे, दृष्टिहीनास पान कसे ऐकू येईल याचा आराखडा तपासणे, वायरने जोडलेल्या फोनवरील पान मोठ्या संगणकावरून न्याहाळणे, हे सारे काही क्षणांत होते. उणीव साधनांची नाही. ती साधने मुख्यतः वेगवान संगणकाच्या धन्याच्या हाती असतात आणि त्याला जाळे मंद करून पाहण्याची गरज क्वचितच भासते. कचेरीतील सादरीकरणही उत्तम जोडणीवर, मोठ्या पडद्यावर होते. तेथे कोणतेही संकेतस्थळ देखणेच दिसते.

तिन्ही इंजिनांनी एकसारखे वागावे यासाठी त्यांचे निर्माते आता चाचण्यांचा एक सामाईक संच चालवितात. त्यातील उपचाचण्यांची संख्या दहा लाखांहून अधिक आहे. २०२३ साली ‘बेसलाइन’ ही वर्गवारी आली. प्रमुख ब्राउझरांत सोय पोचल्यावर ३० महिने लोटले की ती ‘सर्वत्र उपलब्ध’ समजली जाते. कंत्राटात लिहिण्याजोगी ही सोयीची कसोटी आहे. पण तिच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. ओपेरा मिनीसारखे हलके ब्राउझर तिच्या गणनेत नाहीत. २०१७ साली बाजारात आलेल्या जिओफोनमधील ब्राउझरचे इंजिन २०१६ सालचे होते आणि ते बदलणे वापरणाऱ्याच्या हाती नव्हते. म्हणूनच २००३ सालापासून रूढ असलेली एक जुनी शिस्त अद्याप कामाची आहे : अर्जाचा साधा सांगाडा प्रथम असा रचावा की तो कोणत्याही ब्राउझरमध्ये भरून पाठविता येईल, सजावट व नव्या सोयी त्यावर मागाहून चढवाव्यात. नवी सोय नसलेल्या फोनवर पान कमी देखणे दिसेल, पण अर्ज दाखल होईल. याउलट, जेथे सारे पानच जावास्क्रिप्टच्या भल्यामोठ्या गाठोड्यातून उभे राहते, तेथे गाठोडे वाटेत अडले की पडदा कोरा राहतो.

सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ साली निघाली. काम स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांवर बोट ठेवणे योग्यच; मात्र स्वतः एक अर्ज भरून पाहण्याची जागा ती घेऊ शकत नाहीत. ही चाचणी गावातील शाळेतही होऊ शकते. एखादा साधा, दोन-तीन वर्षे वापरलेला फोन घ्यावा. शीला, ज्ञानेश्वर आणि ‘ऱ्हाटकर’सारखे एखादे आडनाव लिहावे; पिनकोड देवनागरीत द्यावा; जन्मसाल १९६० घालावे. नंतर संगणकावर माऊसला हात न लावता केवळ कळफलकाने तोच अर्ज शेवटपर्यंत न्यावा. पानाची भाषा मराठी आहे ही नोंद सांगाड्यात केली आहे किंवा नाही, हेही अभियंत्यास विचारावे; ती असेल आणि फॉन्टमध्ये सोय असेल, तर ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतात, आणि वाचून दाखविणारे साधनही मराठी उच्चार निवडू शकते. ज्या रकान्यात अर्ज अडला तो रकाना, तो फोन आणि तो ब्राउझर यांची नावे कागदावर टिपून तो कागद देयक मंजूर करण्यापूर्वी कंत्राटदाराकडे पाठवावा, आणि दुरुस्तीनंतर हीच चाचणी त्याच फोनवर पुन्हा घ्यावी.