पटावरची पिल्लं

बोलतोय धाराशिवमधून आणि विषय आहे समुद्राचा. हसू नका. आपल्या जिल्ह्याला किनारा नाही, मान्य. पण तुम्हाला कधी दवाखान्यात सलाईन लागलं असेल, इंजेक्शन टोचलं असेल, तर या प्राण्याशी तुमचं नातं आहे.

त्याचं नाव हॉर्सशू क्रॅब. घोड्याच्या नालेसारखी पाठ, मागं टोकदार शेपटी. नावात खेकडा असला तरी जवळचे भाऊबंद म्हणजे कोळी आणि विंचू. रक्त निळं, कारण त्यात तांबं असतं. जिवाणूंचं विष जरासं मिसळलं, तरी त्याच्या रक्तपेशींचा अर्क गोठतो. म्हणून इंजेक्शनची औषधं तपासायला हा अर्क वापरत आलेत.

जगात याच्या फक्त ४ जाती. त्यातल्या २ भारतात, ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या किनाऱ्याला. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनंही त्यांचा अभ्यास केलाय.

मोठे प्राणी भरतीला वाळूत अंडी घालून परत समुद्रात जातात. पिल्लं मात्र ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात वाढतात. कात टाकायची, साधारण सव्वापट व्हायचं, पुन्हा कात टाकायची. वयात यायला दहाएक वर्षं जातात. अभ्यासक ओहोटीला चिखलात चौकोन आखतात, पिल्लं मोजतात, पाठीची रुंदी घेतात आणि सोडून देतात. रुंदीवरून अंदाज येतो, कोण किती कात टाकून आलंय. एखाद्या मापाची पिल्लंच नसली, तर समजायचं की त्या वर्षीची पिढी जगली नाही.

एवढा खटाटोप कशाला? किनाऱ्यावर मोठे दिसतातच की!

मला याचं उत्तर आमच्या गावात मिळालं. पारावर बघितलं तर माणसंच माणसं. वाटतं, गाव भरलंय. शाळेत गेलो, तर पहिलीच्या पटावर ४ पोरं. गावाचं पुढं काय होणार, हे पारावर नाही कळत, पटावर कळतं.

इथंही तसंच आहे. हे प्राणी बरीच वर्षं जगतात, त्यामुळं मोठे दिसत राहतात आणि आपण निवांत राहतो. वन्यजीव कायद्यानं त्यांना पकडायला बंदी आहे. पण पिल्लांचा चिखलच भराव टाकून बुजवला तर? त्याचा फटका दहा वर्षांनी दिसणार, आणि तोवर पट रिकामा झालेला असणार.

म्हणून मोजायचं तर आधी पिल्लं मोजायची.