खेळतं भांडवल खेळतं राहू द्या



भोसरीच्या एमआयडीसीतल्या छोट्या गाळ्यांमध्ये मशिनं रात्रपाळीलाही चालतात. ऑर्डरी हातात आहेत, माल चोख जातो, ताळेबंदात नफा दिसतो. तरीही सात तारखेचे पगार कसे भागवायचे, या काळजीने मालकाला झोप नसते. ऑर्डरी नाहीत म्हणून धंदा बसतो, असं आपण धरून चालतो. पण भरल्या ऑर्डरींवरही धंदा बसतो, वसुली थांबली की.

साधा हिशेब मांडू. महिन्याची विक्री १२ लाख, म्हणजे दिवसाला ४० हजार. माल ३० दिवस गाळ्यात असतो, बिलाचे पैसे आणखी ६० दिवसांनी येतात आणि लोखंडाचा व्यापारी ३० दिवसांची उधारी देतो. म्हणजे ६० दिवस आपलाच पैसा अडकलेला. तेवढ्यात पगार, वीजबिल थांबत नाही. महिन्याचं रिटर्न भरणाऱ्याला तर जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. हीच वसुली १५ दिवस अलीकडे आणली, तर ६ लाख रुपये मोकळे होतात. बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे सीसीवर, १२ टक्के व्याज धरलं, तर वर्षाला ७२ हजार वाचतात.

हे १५ दिवस बहुधा कागदांत अडकलेले असतात. माल कंपनीच्या गेटवर उतरतो, चलनावर शिक्का पडतो. पण बिलावरचा खरेदी ऑर्डरचा, म्हणजे पीओ नंबर चुकलेला असतो आणि बिल तसंच पडून राहतं. आपल्याला ते कळतं महिन्याने, पैसे मागायला गेल्यावर. म्हणून माल पोचला की दोन-तीन दिवसांत फोन करा, बिल चढलं का ते विचारा.

कायदाही तुमच्या बाजूला आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. मालाबद्दल तक्रार असेल तर तीही १५ दिवसांत, लेखी करावी लागते. म्हणून उद्यम नोंदणी करून घ्या आणि शिक्क्याचं चलन जपून ठेवा.

दोन पथ्यं पाळा. सीसीचे पैसे मशिनात घालू नका, मशिनासाठी मुदतकर्ज घ्या. आणि दुप्पट ऑर्डर घेण्याआधी अडकणारा पैसाही दुप्पट होणार, हे ध्यानात घ्या.

मोठ्या खरेदीदारांनाही कळकळीने सांगतो. लहान पुरवठादाराचं बिल तुम्ही अडवता, तेव्हा तुमचा धंदा त्याच्या कर्जावर चालतो आणि व्याज तो भरतो. त्याचे पैसे वेळेवर द्या. तो टिकला तरच तुमची लाइन चालेल.