दुखण्यावरची सुई : उपाय आणि अपाय

(घणसोली गाव येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि आसपासच्या तालुक्यांतील पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घणसोली हे आगरी-कोळी बांधवांचे जुने गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, भातशेतीच्या जमिनी संपादित झाल्या आणि अनेकांच्या हाती ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांची पाळी आली. पाळी चुकली की रोज बुडतो. म्हणून कंबर धरलेला मनुष्य दवाखान्यात शिरताच म्हणतो, "डॉक्टर, गोळी नको, सुई मारा." या मागणीविषयीच आज मला बोलावयाचे आहे.

डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक औषध स्नायूत खोलवर द्यावयाचे असते. सुई आखूड पडली तर ते चरबीतच राहते. चुकून रक्तवाहिनीत वा तिच्या लगत गेले तर त्या भागाचा रक्तपुरवठा खंडित होतो आणि त्वचा, चरबी, प्रसंगी स्नायूही मृत होतो. १९२० नंतरच्या दशकात उपदंशाच्या रुग्णांना बिस्मथची इंजेक्शने देताना हा प्रकार प्रथम नोंदला गेला. रुमानियातील निकोलाऊ यांच्या नावाने तो ओळखला जातो. तो क्वचित घडतो. परंतु घडला तर जखम भरण्यास कित्येक आठवडे लागतात, कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. एक पाळी वाचविण्यासाठी घेतलेली सुई महिन्याची मजुरी घेऊन जाते.

सुईची जागा चुकल्यास आणखी एक धोका संभवतो. नितंबातून पायाकडे जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूस इजा झाली तर पाऊल उचलता येत नाही. याकरिता नितंबाचा वरचा, बाहेरचा चतुर्थांश भागच निवडावा, असा दंडक आहे. औषध सोडण्यापूर्वी दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहावे. सुई व सिरिंज प्रत्येक वेळी नवी, निर्जंतुक असावी. अन्यथा गळू होण्याची भीती असते. हे इंजेक्शन दोन दिवसांहून अधिक काळ देऊ नये.

इंजेक्शन देतानाच असह्य वेदना झाल्या, त्वचा पांढरी पडली व नंतर तेथे निळसर-जांभळी जाळी उमटली, तर ते धोक्याचे चिन्ह समजावे. घरी बर्फ लावू नये; थंडीने रक्तवाहिन्या अधिकच आकसतात. पाय बधिर झाला किंवा पाऊल लोंबू लागले तरी थांबू नये. येथील रुग्णास वाशी किंवा ऐरोली येथील महापालिका रुग्णालयात विनाविलंब न्यावे. ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

मित्रहो, दोष केवळ सुई देणाऱ्याचा नाही. सुई दिल्याखेरीज रुग्णाचे समाधान होत नाही, हे जाणून अनेक ठिकाणी ती दिली जाते. गोळी गिळता येत असेल तर बहुतेक दुखण्यांत गोळी पुरेशी असते. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये नोंदणीविना वैद्यक व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. पंचायत सदस्यांनी आपल्या गावात सुई देणाऱ्याची नोंदणी अवश्य पाहावी. शिक्षकांनी मुलांकरवी दोन प्रश्न घरोघरी पोहोचवावेत : "गोळीने भागणार नाही का?" आणि "सुई कोण देणार आहे?"

हे प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. जाणता डॉक्टर त्यांचे स्वागतच करील.